कॅरिबियन देशांतील कामगार संघटना व राजकीय पक्ष

वेस्ट इंडीजमधील पूर्वीच्या ब्रिटिश वसाहतींत मजुराला मत मिळण्याआधी युनियनचे सभासदत्व मिळाले, आणि तिथल्या राजकारणाचा सांधा इथेच आहे. मताधिकार मालमत्तेला वा उत्पन्नाला बांधलेला होता. उसाच्या मळ्यात किंवा गोदीत राबणाऱ्याला सरकारला धक्का द्यायचा तर संप हाच मार्ग उरे. 1930च्या दशकात मंदीने मजुरी आणि रोजगार दोन्ही घटले व बेटामागून बेट पेटत गेले. पुढे मताधिकार आला तेव्हा संपातले पुढारीच उमेदवार झाले.

जमैकाचे उदाहरण सर्वांत बोलके. मे 1938च्या सुरुवातीला फ्रोम येथे टेट अँड लाइल या ब्रिटिश कंपनीच्या साखर कारखान्यावर मजुरांनी दिवसाला एक डॉलर, म्हणजे चार शिलिंग, मागितले. पोलिसांच्या कारवाईत चौघे ठार झाले. लोण किंग्स्टनच्या गोदीत पोचले. अलेक्झांडर बुस्टामांटे यांना 24 मे रोजी अटक झाली, तेव्हा ते सुटल्याशिवाय कामावर जायचे नाही, असे गोदी कामगारांनी ठरवले. मजुरांचा हा पुढारी पेशाने सावकार होता! मध्यस्थी केली ती नात्यातल्याच बॅरिस्टर नॉर्मन मॅनली यांनी. मॅनलींनी त्याच सप्टेंबरात पीपल्स नॅशनल पार्टी (पीएनपी) काढली. बुस्टामांटे यांनी युनियन काढली, तिला स्वतःचे नाव दिले आणि तिच्या घटनेतच स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतले. 1977 साली मृत्यू येईपर्यंत ते पद त्यांच्याकडेच होते.

1944मध्ये सर्व प्रौढांना मत मिळणार हे दिसू लागताच बुस्टामांटे यांनी 1943 साली जमैका लेबर पार्टी उभी केली. कार्यकर्ते, निधी आणि गावोगावचे जाळे युनियनचेच होते. 1944च्या निवडणुकीत 32पैकी 22 जागा त्यांनी जिंकल्या. मॅनली स्वतः पडले. नुसत्या मध्यमवर्गीय पाठिंब्यावर निभावत नाही, हा धडा पीएनपीला मिळाला. 1952मध्ये डाव्या गटाची हकालपट्टी केल्यावर तिच्या हातची कामगार संघटनाही गेली, म्हणून तिने नॅशनल वर्कर्स युनियन उभारली. नॉर्मन यांचे पुत्र मायकेल मॅनली तिथेच घडले आणि 1972 साली पंतप्रधान झाले. एकाच कारखान्यात दोन पक्षांच्या दोन युनियन आल्या की मान्यतेचे मतदान, म्हणजे मालकाने कोणत्या युनियनशी बोलणी करायची याचा कामगारांचा कौल, पोटनिवडणुकीसारखे रंगे.

इतर बेटांवर हेच चित्र लहान प्रमाणात दिसते. ग्रेनाडात कामगार पुढारी एरिक गेरी यांनी 1951च्या सुरुवातीला मळे बंद पाडले आणि त्याच वर्षी 8पैकी 6 जागा मिळवल्या. अँटिगात व्ही. सी. बर्ड यांची युनियन आणि पक्ष इतके एकजीव होते, की 1967मध्ये युनियन फुटली तेव्हा विरोधी पक्षच तयार झाला. 1971 साली तो सत्तेवर आला.

त्रिनिदाद मात्र वेगळ्या वाटेने गेला. फायझाबाद येथील 1937च्या उठावानंतर तेल कामगारांची भक्कम संघटना उभी राहिली. पण 1956 साली सत्तेवर आलेला एरिक विल्यम्स यांचा पक्ष युनियनमधून निघालेला नव्हता. संपांना वेसण घालणारा कायदा त्याने 1965 साली केला. तिथे युनियनचा पुढारी पंतप्रधान झाला तो थेट 1995मध्ये : ऊस कामगारांचे नेते बासदेव पांडे.

सत्तेत गेल्यावर पुढाऱ्याची कोंडी होई. कालचा संपकरी आज सरकारचा, म्हणजे बऱ्याच कामगारांचा, मालक; वेतनवाढ मागायची तर आपल्याच माणसाकडे.