डीपी

डीपी : इंग्रजी आद्याक्षरांचा, पण मराठीत पुरता रुळलेला शब्द. सांगली जिल्ह्यात तो किमान चार अर्थांनी कानावर येतो. त्यातला कोणता अर्थ धरायचा, हे बहुधा पुढच्या क्रियापदाचे लिंग सांगते.

शिवारात डीपी स्त्रीलिंगी. ‘डीपी जळाली’ म्हणजे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळाले. रोहित्र हा शब्द अर्जात आणि बातमीत भेटतो, बांधावर नाही. दोन खांब शेजारी रोवून त्यांच्यामध्ये लोखंडी चॅनेल टाकतात आणि त्यावर रोहित्र बसवतात. वीज अभियंते या रचनेला ‘डबल पोल’ म्हणतात. लोकांनी ते नाव खांबांवरून काढून रोहित्राला आणि खालच्या फ्यूजपेटीलाही देऊन टाकले. म्हणून ‘डीपीचं दार उघडंच हाय’ असे वायरमनला सांगता येते. ११ केव्हीचा, म्हणजे ११ हजार व्होल्टचा, दाब इथे ४३३ व्होल्टपर्यंत उतरतो. शेतीला ६३ किंवा १०० केव्हीए क्षमतेची रोहित्रे नेहमीची. ६३ केव्हीएवर ढोबळ हिशेबाने ५ अश्वशक्तीच्या दहा-अकरा मोटारी चालाव्यात. पण बहुतेक मोटारींना ऑटो स्विच लावलेला असतो. गेलेली वीज आली की सगळ्या एका दमात उठतात, आणि उठताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्यात कुणी तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेत असला की डीपी गेलीच. तांब्यासाठी आणि ऑईलसाठी ती चोरीलाही जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कित्येक डीपी पाण्याखाली होत्या.

शहरात शिरताच शब्द पुल्लिंगी होतो. ‘डीपी मंजूर झाला’ म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, अर्थात विकास आराखडा. त्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची १९९८ साली एकच महापालिका झाली. तिन्हीकडच्या प्लॉटच्या व्यवहारात ‘डीपी रोड’ हे शब्द ठरलेले. हा रस्ता आधी नकाशावर उमटतो, जमिनीवर सवडीने येतो. आराखड्यातल्या आरक्षणाची जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो.

शेअरवाल्यांचा डीपी म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंट, शेअर ठेवायचे डीमॅट खाते उघडून देणारी बँक किंवा दलाल. त्यामागचा डिपॉझिटरी कायदा १९९६ चा. खात्याच्या सोळा अंकी क्रमांकातले पहिले आठ डीपीचे, उरलेले आठ ग्राहकाचे. शेअर विकले की ‘डीपी चार्जेस’ कापले जातात, एवढीच बहुतेकांची त्याच्याशी ओळख.

चौथा फोनमधला : डिस्प्ले पिक्चर. गंमत अशी की व्हॉट्सॲप स्वतः त्याला प्रोफाइल फोटो म्हणते; डीपी हे नाव जुन्या मेसेंजरांकडून आले आणि चिकटून राहिले. हाही पुल्लिंगी : डीपी ठेवला, डीपी बदलला. (दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात बेघर झालेल्यांनाही इंग्रजीत डीपी म्हणत, म्हणजे डिस्प्लेस्ड पर्सन. तो अर्थ इकडे पोहोचला नाही.)

लिंगाची ही खूण आज्ञार्थात मात्र कामाला येत नाही, कारण तिथे क्रियापद लिंग दाखवतच नाही. पुण्याहून भाच्याने फोनवर म्हणावे, “मामा, डीपी बदला की आता!” आणि वाळव्याहून मामाने वैतागून सांगावे, “आरं, अर्ज देऊन आठ दिस झालं. ऊस वाळाय लागलाय.”