वस्तुसंग्रहालयात इतकं वाकावं का लागतं?

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चांगली नजर असलेल्या आणि संग्रहालयांची सवय असलेल्या एका माणसाला त्यांनी तिथल्या वस्तूंबद्दल सोपे प्रश्न विचारले आणि उत्तरं शोधताना त्याचे फोटो काढले. खालच्या फळीवरचं काही वाचायला तो गुडघ्यांवर येतो, कुठे कमरेत वाकतो, कुठे मान वाकडी करून काचेला भिडतो. पाहण्याच्या या कसरतीतून येणाऱ्या थकव्यावरच गिलमन यांचा तो लेख होता.

धडधाकट माणसाची ही गत, तर गुडघे दुखणाऱ्या आजींचं काय होत असेल? आपल्याकडे वयस्कर माणसं दुसऱ्या-तिसऱ्या दालनातच म्हणू लागतात, “मला नाही बाई नीट दिसत आता, तुम्ही बघून या.” दोष स्वतःच्या वयाला देतात, हे मला फार लागतं. कारण यातला बराचसा दोष मोजपट्टीने आणि प्रकाशमापकाने दाखवून देता येतो.

आधी प्रकाशाचं पाहू. जुनं रेशीम, जलरंग, हस्तलिखितं यांचे रंग उजेडाने विटतात आणि एकदा विटलेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवायचा, असा जगभरचा प्रघात आहे. वाचायच्या टेबलावर आपल्याला याच्या कितीतरी पट उजेड लागतो. त्यात वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर पडतं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. म्हणजे जुन्या पैठणीला जपणारा उजेड नेमका आजींना अपुरा पडतो.

यावर वाट आहे. रंगाची हानी उजेड किती आणि किती वेळ, या गुणाकारावर ठरते. त्यामुळे समोर कुणी आलं तरच उजळणारा दिवा लावला, तर रिकाम्या दालनातले तास वाचतात आणि पाहणाऱ्याला थोडा जास्त उजेड देता येतो. माहितीफलकावर तर वेगळा दिवा हवाच. छापील कागदाला कसली आलीय पैठणीची पथ्यं! शिवाय उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात. म्हणून प्रवेशद्वारापासून उजेड टप्प्याटप्प्याने कमी करत न्यावा आणि वाटेत बसायला बाक असावा.

उंचीचा हिशेब तर आणखी सोपा. व्हीलचेअरवरच्या प्रौढाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटीमीटरवर असतात. मीटरभर उंचीच्या पेटीत फलक आडवा ठेवला, की त्याला अक्षरांऐवजी काचेतली दिव्यांची चमक दिसते. फलक तिरपा केला की काम होतं. उताराचंही तसंच: एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. तीन फुटी जोत्याला छत्तीस फूट, शिवाय मधे थांबायला सपाट जागा. ही जागा नकाशातच सोडली नाही, तर पुढे कोपऱ्यात कोंबलेला रॅम्प घसरगुंडीसारखा होतो.

ज्यांना दिसतच नाही, त्यांच्यासाठी माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ साली सहा चित्रांच्या, रेषा बोटांना जाणवतील अशा उठावाच्या प्रती मांडल्या आणि त्यांना हात लावायला सांगितलं. त्यांत एल ग्रेको या चित्रकाराचा छातीवर हात ठेवलेला सरदार होता. मूळ चित्र जसंच्या तसं उचलून चालत नाही, कारण बोटाचं वाचन डोळ्यापेक्षा वेगळं असतं. डोळा अख्खं चित्र एका दमात घेतो. बोट तुकडा तुकडा गोळा करतं आणि मेंदू ते जुळवतो. बोटाच्या टोकाला दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर असलेले बिंदू वेगळे कळतात, त्याहून दाट बारकावे एकमेकांत मिसळतात. ब्रेलचे ठिपके अडीच मिलिमीटरच्या अंतरावर असतात ते उगाच नाही. म्हणून कोणती रेघ ठेवायची, कोणती गाळायची, हे ठरवावं लागतं आणि हात आधी कुठे न्यायचा, हे ध्वनिफितीतून सांगावं लागतं.

या स्पर्शवाचनाची मेंदूतली बाजू थक्क करणारी आहे. लहानपणीच दृष्टी गेलेले लोक ब्रेल वाचतात, तेव्हा त्यांच्या मेंदूतला एरवी दृष्टीसाठी असलेला भाग कामाला लागतो, असं १९९६ साली मेंदूच्या प्रतिमांमधून दिसलं. स्पर्शाचं दालन म्हणजे दुय्यम सोय, असं समजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली सुरू झालेल्या ‘अनुभव’ दालनातही प्रतिकृती हाताळता येतात.

नव्या दालनाचं लाकूडकाम सुरू होण्याआधी पेट्यांचे पूर्ण आकाराचे पुठ्ठ्याचे नमुने करून ठेवता येतात. त्यांच्यासमोर व्हीलचेअरवरच्या, अंध, कर्णबधिर आणि वयस्कर माणसांना बोलवावं, त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा आणि ती कुठे अडतात ते टिपून घ्यावं. पुठ्ठा कापून दहा सेंटीमीटर खाली आणायला पाच मिनिटं लागतात.