आक्रमक लिम्फोमा : रक्तनिदर्शक आणि फलानुमान

लिम्फोमा हा लसीका पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा, कर्करोग असून त्याच्या झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारांना आक्रमक लिम्फोमा म्हणतात. त्यांत सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे मोठ्या बी-पेशींचा विसरित लिम्फोमा, अर्थात डीएलबीसीएल. मानेतील, काखेतील किंवा जांघेतील गाठ काही आठवड्यांत वाढते, ताप येतो, रात्री घाम फुटतो आणि वजन उतरते. ही लक्षणे क्षयाशी इतकी जुळतात की गाठीचा तुकडा न तपासताच क्षयाची औषधे सुरू होण्याचा आणि त्यात मोलाचे महिने जाण्याचा धोका ग्रामीण भागात राहतो. निदान बायोप्सीने, म्हणजे गाठीचा तुकडा तपासूनच होते. रक्तचाचण्यांचा खरा उपयोग त्यानंतर, रोग उपचाराला कितपत दाद देईल याचा अंदाज, म्हणजे फलानुमान, बांधताना होतो.

असा अंदाज देणाऱ्या रक्तनिदर्शकांत लॅक्टेट डीहायड्रोजिनेज, म्हणजेच एलडीएच, हे विकर (एन्झाइम) सर्वांत कामाचे ठरले आहे. ते शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते आणि पेशी फुटली की रक्तात उतरते. म्हणून रोगाचा भार जितका मोठा व पेशींची उलथापालथ जितकी वेगवान, तितकी त्याची पातळी चढते. १९९३ मध्ये मांडलेल्या आंतरराष्ट्रीय फलानुमान निर्देशांकात वाढलेल्या एलडीएचला एक गुण आहे. उरलेले चार गुण साठीपुढील वय, रोगाचा तिसरा किंवा चौथा टप्पा, लसीका ग्रंथींबाहेरील एकाहून अधिक अवयवांत प्रसार आणि कामधंदा सुटावा इतकी ढासळलेली प्रकृती यांचे. त्या वेळी, गुणांच्या बेरजेनुसार पाडलेल्या गटांपैकी, सर्वांत कमी जोखमीच्या गटातील सुमारे ७३ टक्के, तर सर्वांत जास्त जोखमीच्या गटातील सुमारे २६ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. पुढे रिटुक्सिमॅब हे औषध सीएचओपी या औषधसमूहाला जोडले गेले आणि चित्र पालटले : २००७ च्या सुधारित निर्देशांकात कमी ते जास्त जोखमीच्या तीन गटांतील चार वर्षांचे जीवितप्रमाण अनुक्रमे ९४, ७९ आणि ५५ टक्के आले. हे आकडे कॅनडातील रुग्णांचे आहेत. रोजगार बुडतो किंवा गाडीभाडे जुळत नाही म्हणून केमोथेरपीची फेरी चुकणाऱ्या रुग्णाला ते जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल.

विदर्भात एलडीएच वाचताना आणखी सावधगिरी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत आणि मेळघाटात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे आणि या आजारात तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने लिम्फोमा नसतानाही एलडीएच वाढलेले असते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील हिवताप आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा पांडुरोगही हेच करतात. निर्देशांक मात्र ही कारणे वेगळी काढत नाही. तो केवळ वाढलेला आकडा मोजतो. म्हणून सिकलसेलची व हिवतापाची तपासणी, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला रक्तपट आणि बिलिरुबिन (तांबड्या पेशी फुटल्याने वाढणारे रंगद्रव्य) शेजारी ठेवूनच तो गुण द्यावा, हे उचित. नमुन्याची हाताळणीही तितकीच महत्त्वाची आहे. तांबड्या पेशींत हे विकर रक्तद्रवाच्या तुलनेत कैक पटींनी जास्त असते. तालुक्याच्या गावी घेतलेले रक्त द्रव वेगळा न करता उन्हातान्हातून नागपूरला किंवा वर्ध्याला गेले, तर वाटेतच आकडा फुगतो. शिवाय प्रयोगशाळांच्या पद्धतींनुसार सामान्य मर्यादा बदलते, त्यामुळे नुसत्या आकड्याऐवजी तो त्या प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे हे पाहणे अधिक योग्य.

इतर निदर्शकांची गतही अशीच आहे. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन व हिमोग्लोबिन कमी असणे प्रतिकूल मानले जाते, परंतु कुपोषण आणि पांडुरोग जिथे आधीपासूनच घरोघरी आहेत, तिथे त्यांचा किती भाग लिम्फोमाच्या खात्यावर टाकायचा हे ठरवणे कठीण जाते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे निदर्शक प्रथिन मूत्रपिंडाच्या विकारातही वाढते. लसीका पेशींची घटलेली संख्या साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून, कळते. ती स्वस्त आहे, पण एकटीने निर्णायक नाही. हिपॅटायटिस बी ची चाचणी फलानुमानासाठी नसते, तरीही रिटुक्सिमॅबपूर्वी ती टाळता येत नाही, कारण या औषधाने सुप्त विषाणू पुन्हा उसळू शकतो.

उपचार पूर्ण झाल्यावर पहिली दोन वर्षे कळीची असतात. रोग उलटण्याचे बहुतेक प्रसंग याच काळात घडतात आणि त्यांतून सुखरूप निभावलेल्यांचे पुढील आयुर्मान समवयस्क निरोगी लोकांच्या जवळपास जाते. या काळात केवळ एलडीएच वाढले म्हणून रोग परतला असे मानता येत नाही. गाठ, ताप किंवा वजनातील घट सोबत नसेल, तर चाचणी पुन्हा करून पाहतात आणि गरज भासल्यासच स्कॅन व बायोप्सीकडे वळतात.