सक्तीच्या शाळेपासून सहजीवनाच्या शिक्षणापर्यंत : बडोद्याची पार्श्वभूमी

युनेस्कोने नोव्हेंबर २०२३ मध्ये शांतता, मानवी हक्क आणि शाश्वत विकास यांसाठीच्या शिक्षणाविषयी एक शिफारस स्वीकारली. १९७४ साली आंतरराष्ट्रीय सामंजस्य आणि मानवी हक्कांच्या शिक्षणाविषयी जी शिफारस झाली होती, तिचे हे सुधारलेले रूप होते. दरम्यान २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी सतरा शाश्वत विकास ध्येये ठरवली होती आणि त्यांतील चौथ्या, म्हणजे शिक्षणाच्या ध्येयाखाली ४.७ हे एक लक्ष्य घातले होते. शाश्वत जीवनपद्धती, मानवी हक्क, स्त्रीपुरुष समानता, शांतता व अहिंसेची संस्कृती आणि सांस्कृतिक विविधतेचा आदर यांसाठी लागणारे ज्ञान प्रत्येक विद्यार्थ्याला मिळावे, असे ते लक्ष्य सांगते. शाळेने लिहिणे, वाचणे आणि हिशेब एवढेच शिकवून थांबू नये, वेगळ्या माणसांबरोबर आणि निसर्गाबरोबर कसे राहावे हेही शिकवावे, असा या साऱ्याचा आशय आहे.

या विचाराचा इतिहास बहुधा दुसऱ्या महायुद्धापासून सांगितला जातो. १९४५ साली युनेस्कोची घटना लिहिली गेली तेव्हा तिच्या उद्देशिकेत म्हटले होते की, युद्धांचा आरंभ माणसांच्या मनात होत असल्यामुळे शांततेची तटबंदीही मनातच उभारली पाहिजे. युरोपपुरते हे बरोबरच आहे. परंतु बडोद्यात वाढलेल्या मराठी वाचकाला आणखी मागे जावे लागते, कारण शिक्षणाने तुटलेला समाज जोडता येईल काय, हा प्रश्न या शहराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अंगावर घेतला होता. त्यातील यश आणि अपयश दोन्ही आजच्या चर्चेला उपयोगी आहेत, आणि अपयश तर जास्तच.

बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावच्या गोपाळ नावाच्या बारा वर्षांच्या शेतकरी मुलाला दत्तक घेतले. हेच पुढे तिसरे सयाजीराव झाले. गादीवर येईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. दिवाण टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, राज्याची घडी बसवत होते आणि इंग्रज शिक्षक इलियट मुलाला शिकवत होते. १८८१ साली राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले तेव्हा हा राजा शिक्षण म्हणजे काय हे स्वतःच्या शरीरावर अनुभवलेला होता. वयाच्या बाराव्या वर्षी पहिल्यांदा पाटी हातात धरलेल्या माणसाने पुढे प्रत्येक मुलाला शाळेत बसवण्याचा कायदा करावा, यात मला एक सरळ संगती दिसते.

तो कायदा एकदम सर्वत्र लागू झाला नाही. बडोदे राज्य सलग नव्हते, ते बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली या विखुरलेल्या प्रांतांत वाटलेले होते. १८९३ साली काठेवाडातील अमरेली शहर आणि आसपासची काही गावे निवडून तेथे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्यात आले. शेतीच्या हंगामात मुलांची घरी गरज लागणे, मुलींना शाळेत धाडण्याविषयीचा संकोच आणि गावोगावी शिक्षकांची टंचाई या अडचणी ओळखून घेत तेरा वर्षे हा प्रयोग चालवला गेला आणि मग १९०६ साली तो कायद्याने सबंध राज्याला लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा असे सक्तीचे वय ठरले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद झाली. मुलींना कमी वर्षे का, असा प्रश्न आज कोणीही विचारील आणि तो योग्यच आहे. तथापि ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा मुलांसाठीही अशी सक्ती नव्हती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली ठराव आणि १९११ साली विधेयक मांडून प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करावे अशी मागणी केली, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला.

खरी कसोटी मात्र हजेरीपटाच्या पुढे होती. शाळेत सर्वांना आणणे आणि सर्वांना एकत्र बसवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बडोद्याने पहिली तुलनेने लवकर साधली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी १८८०च्या दशकाच्या आरंभीच सरकारी खर्चाने शाळा निघाल्या होत्या. कागदोपत्री त्यांना अंत्यज शाळा म्हणत. या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले, पुढे आर्यसमाजाचे कार्यकर्तेही आले आणि पंडित आत्माराम अमृतसरी यांच्याकडे या शाळांची देखरेख सोपवण्यात आली. मुलांना पुस्तके व साहित्य मिळे, वसतिगृहे निघाली, शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. सोनगडच्या आदिवासी भागातही निवासी शाळा निघाली. एका संस्थानाने त्या काळात एवढे करावे ही मोठी गोष्ट होती. पण या शाळा वेगळ्या होत्या. अस्पृश्याच्या मुलाला अक्षर मिळाले, तरी शेजारच्या वर्गातल्या सवर्ण मुलाला त्याच्याविषयी काहीच शिकायला मिळाले नाही.

या उणिवेचा सर्वात कटू अनुभव याच शहरात घडला. सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर राज्याची नोकरी करावी अशी अट घातली. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आंबेडकर १९१७च्या सप्टेंबरात करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला कोणी जागा देईना. नाव लपवून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. जात कळताच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. ओळखीच्यांकडेही आसरा न मिळाल्याने कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, एका झाडाखाली ते बसून राहिले आणि शेवटी मुंबईची गाडी धरून निघून गेले. बडोद्यात ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि तेथे दरवर्षी हजारो लोक येतात.

यातून काढायचा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. राज्याच्या तिजोरीने एका विद्यार्थ्याला जगातील उत्तम विद्यापीठात पोचवले आणि त्याच राज्याच्या राजधानीतील माणसांनी त्याला एक खोली दिली नाही. वगळलेल्याला शिकवले की समावेशन झाले असे मानणाऱ्या प्रत्येक धोरणाची मर्यादा येथे उघडी पडते. शिकवण्याची गरज तितकीच, किंबहुना अधिक, वगळणाऱ्याला असते. त्यानंतर सहाच महिन्यांनी, मार्च १९१८ मध्ये, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षस्थान सयाजीरावांनीच भूषवले. पुढे १९३०च्या दशकात बडोदे सरकारने स्वतंत्र अंत्यज शाळा मोडून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचे ठरवले, तेव्हा खेड्यांतून सवर्णांचा तीव्र विरोध झाला. वेगळी शाळा काढताना जे झाले नव्हते, ते एका बाकावर बसवताना झाले.

शाळेबाहेर मात्र बडोद्याने काही गोष्टी अशा उभारल्या की जेथे निरनिराळ्या लोकांचे एकत्र येणे जाहीर न करता आपोआप घडले. सक्तीच्या शिक्षणाने वाचायला शिकलेली माणसे पुस्तकांअभावी पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याचा कळस होता. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते, आणि दूरच्या गावांना पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती वाचनालये होती. गावोगावी वाचनालये काढण्यामागे मोतीभाई अमीन यांची मेहनत होती. पुस्तके गुजराती, मराठी, इंग्रजी, संस्कृत, उर्दू अशा भाषांतील होती. राज्यकर्त्यांची भाषा मराठी, प्रजेतील बहुसंख्यांची गुजराती, आणि दोहोंना शाळा व ग्रंथालयांत जागा होती.

संगीत आणि व्यायाम यांचीही हीच कथा आहे. १८८६ साली मौलाबक्ष या मुसलमान गवयाच्या हाताखाली सरकारी गायनशाळा सुरू झाली आणि घराण्याबाहेरच्या सामान्य मुलांना रागदारी वर्गात बसून शिकता येऊ लागली. ती शाळा आज बडोद्याच्या विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे संगीत, नृत्य व नाट्य या कलांच्या, विद्याशाखेच्या रूपाने चालू आहे. दांडिया बाजाराकडे प्रोफेसर माणिकराव या मराठी पहिलवानाने जी व्यायामशाळा नावारूपाला आणली, ती त्यांचे मुसलमान उस्ताद जुम्मादादा यांच्या नावाने ओळखली जाते. मराठी घरांतील पिढ्यानपिढ्यांची मुले तेथे मल्लखांब आणि लाठी शिकली. सहिष्णुतेवर एकही पाठ न देता गुरू कोण याचा धर्म बाजूला पडला. पाठ्यपुस्तकातील शांततेच्या धड्यापेक्षा हा मार्ग मला अधिक विश्वासाचा वाटतो.

स्त्रियांच्या शिक्षणात महाराणी चिमणाबाईंचा वाटा मोठा होता. १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या आणि ती परिषद मुख्यतः मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नासाठीच बोलावली होती. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची कन्या हंसाबाई मेहता याच परंपरेत वाढल्या. बडोदे कॉलेजमधून त्या पदवीधर झाल्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेल्या, संविधान सभेच्या सदस्य झाल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून बसल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी "सर्व पुरुष" असा अर्थ देणारी रचना होती, ती बदलून "सर्व मानव" असे करण्यासाठी त्यांनी आग्रह धरला. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा स्वीकारला गेला. त्याच्या २६व्या कलमात शिक्षण हा हक्क आहे एवढेच म्हटलेले नाही, तर सर्व राष्ट्रे, वंश आणि धर्मगट यांच्यात सामंजस्य, सहिष्णुता व मैत्री वाढवणे हे शिक्षणाचे काम आहे असेही म्हटले आहे. पुढच्याच वर्षी, १९४९ साली, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसाबाई त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. आज शांततेचे शिक्षण म्हणून जगभर जे सांगितले जाते, त्याच्या मुळाशी असलेल्या दस्तऐवजाचा आणि बडोद्याच्या विद्यापीठाचा असा व्यक्तिगत दुवा आहे, आणि तो शहरातील मराठी घरांत फारसा सांगितला जात नाही याची खंत वाटते.

पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे या अर्थाचा शाश्वत विकास हा शब्द पर्यावरण व विकासाविषयीच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ सालच्या अहवालानंतर रूढ झाला. त्याचा शिक्षणाशी असलेला संबंध बडोद्यात दोन जुन्या कामांवरून समजतो. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उघडले आणि रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, सुतारकाम अशा विद्या शिकवल्या जाऊ लागल्या. दादासाहेब फाळके येथलेच विद्यार्थी. गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ साली अलेंबिकचा रसायनांचा कारखाना काढला तो या रसायनविद्येच्या बळावर. कलाभवन उघडले त्याच सुमारास आजवा येथे बांधलेल्या सयाजी सरोवराचे पाणी शहराला मिळू लागले आणि आजही त्या पाण्याचा शहराला आधार आहे.

परंतु सरोवर बांधणाऱ्या शहराने नदीकडे तितके लक्ष दिले नाही. विश्वामित्रीच्या पात्रात मगरी राहतात आणि दोन्ही काठांवर वस्ती दाटत गेली. २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुराचे पाणी घरांत शिरले, तेव्हा मगरी रस्त्यांवर आल्या. पर्यावरण हा विषय सर्व शैक्षणिक स्तरांवर शिकवला जावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या प्रकरणात दिला होता. आज तो विषय पुस्तकात आहे. परंतु आपल्या नदीचे पूरक्षेत्र कोणते, नाल्यात टाकलेले कोठे जाते आणि सखल भागात राहणाऱ्यांवर पहिला आघात का होतो, हे मुलांनी विश्वामित्रीच्या काठी उभे राहून शिकावे, इथवर ते पुस्तक अजून पोचलेले नाही.

कायद्याचा धागा मात्र पुढे गेला. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्यातील खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या प्रवेशापैकी किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, ही तरतूद मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते, कारण ती बडोद्यात १९३०च्या दशकात ज्या प्रश्नावरून विरोध उसळला तोच प्रश्न पुन्हा हाती घेते : वेगळ्या घरांतली मुले एका वर्गात बसतील की नाही. काही अल्पसंख्याक संस्था वगळता सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ही तरतूद वैध ठरवली. शासन शुल्काची भरपाई करते. मात्र कायद्याची हमी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच आहे, आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा केली असली तरी आठवीनंतर खासगी शाळेत राहायचे की नाही हे त्या मुलाच्या घरच्या ऐपतीवरच ठरते.