मेल सर्व्हरचा खर्च छोट्या धंद्यांच्या मागे कसा लागला: पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ ला एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर, त्याच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही व्हर्जनचा सपोर्ट (कंपनीकडून येणारे दुरुस्ती आणि सुरक्षेचे अपडेट) एकाच दिवशी संपला, आणि वाळूज, चिकलठाणा, जालन्याचे छोटे कारखानदार विचारायलेत की आता हा सर्व्हर बदलायचा खर्च कुठून निघाला. खर्च जुनाच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या छोट्या ऑफिसांसाठीच्या स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ च्या एकाच पॅकमध्ये विंडोज सर्व्हर आणि एक्सचेंज दोन्ही मिळायचं, ७५ युजरपर्यंत चालायचं, माणसामागे एकच कॅल (सर्व्हर वापरायचा परवाना). वीस माणसांच्या ऑफिसला यापेक्षा स्वस्त काही नव्हतं. ड्रॉइंगच्या अटॅचमेंटनी मेलबॉक्स भरून डेटाबेस १६ जीबीला टेकला की मेल ठप्प व्हायचे, पण एक्सचेंजच्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटनंतर ते ७५ जीबीपर्यंत नेता आलं.

एक्सचेंज २००७ फक्त ६४ बिटवर आलं, जुन्या ३२ बिट सर्व्हरवर चालायचं नाही, तेही जुन्यावरच अपग्रेड करायची सोय नाही, म्हणजे शेजारी नवीन मशीन लावा, मेलबॉक्स हलवा, मग जुनं काढा. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत दोन्ही मशीन रात्रभर ओढेल एवढा यूपीएस हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसायचा.

खरा घाव बसला जुलै २०१२ मध्ये. मायक्रोसॉफ्टने सांगितलं की २०११ चं स्मॉल बिझनेस सर्व्हर हे शेवटचं. कारण दिलं की छोटे ग्राहक क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरकडे, चाललेत. काही जात होते हे खरं, पण इकडं तेव्हा ब्रॉडबँड दिवसातून कितीदा जायचं हे ज्यांनी बघितलंय त्यांना हे कारण पटणं अवघडच. पॅक गेल्यावर हिशोब असा झाला: विंडोज सर्व्हर वेगळं, एक्सचेंज वेगळं, वीस माणसांना वीस विंडोजचे कॅल आणि वर वीस एक्सचेंजचे. कॅल व्हर्जनला बांधलेलं, त्यामुळे सॉफ्टवेअर अॅश्युरन्स (वेगळे पैसे भरून नवीन व्हर्जनचा हक्क देणारा करार) घेतलेलं नसेल तर पुढच्या व्हर्जनला सगळे परत विकत घ्या. निर्णय छोट्यांच्या सोयीचा म्हणून मांडला गेला आणि बोजा छोट्यांवरच पडला, माझं मत तरी हेच आहे.

त्यात ८ एप्रिल २०१४ ला एक्सचेंज २००३ आणि विंडोज एक्सपीचा सपोर्ट एकाच दिवशी संपला, म्हणजे सर्व्हरही बदला आणि टेबलावरचे पीसीही. २००३ वरून थेट २०१३ वर जाता येत नव्हतं, मध्ये २००७ किंवा २०१० चा टप्पा घ्यावाच लागायचा आणि मजुरी डबल. तेव्हाच बरेच जण ऑफिस ३६५ या मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउड सेवेच्या महिन्याच्या बिलावर गेले. आता सर्व्हर स्वतःचा ठेवायचा म्हटला तरी नवीन एक्सचेंजला सबस्क्रिप्शन किंवा चालू सॉफ्टवेअर अॅश्युरन्स लागतंच, एकदा घेऊन दहा वर्षं वापरायचा पर्याय नव्या व्हर्जनमध्ये उरलेला नाही.