इन अमेरिका (चित्रपट)

आयरिश दिग्दर्शक जिम शेरिडन यांचा २००२ सालचा कौटुंबिक चित्रपट. मुलगा गमावलेले आयरिश जोडपे दोन मुलींना घेऊन न्यूयॉर्कला येते आणि कागदपत्रांशिवाय संसार मांडते, अशी ही कथा. पटकथा शेरिडन यांनी नेओमी आणि कर्स्टन या आपल्या मुलींच्या सोबतीने लिहिली. १९८०च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब खरोखरच न्यूयॉर्कला राहत होते आणि शेरिडन तेथील आयरिश आर्ट्स सेंटर या संस्थेत नाटकाचे काम करीत होते.

चित्रपट कॅनडाच्या सीमेवरील चौकीत सुरू होतो. आम्ही सुट्टीवर आलो आहोत, असे जॉनी आणि सेरा सांगतात. मुले किती, या प्रश्नावर बाप तीन म्हणतो आणि आई दोन. एक गेला, हे सांगावे लागते आणि अधिकारी त्यांना सोडतो. सुट्टीची ही थाप त्या काळातील हजारो आयरिश तरुणांनी मारलेली आहे आणि तिचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेने १९६५ साली देशवार कोटा रद्द करून तेथे आधीच स्थायिक असलेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य दिले. (मराठी डॉक्टर-इंजिनियरांना अमेरिकेची वाट मोकळी झाली ती याच कायद्याने.) आयरिश लोकांचे अमेरिकेतील नातेवाईक मात्र दोन-तीन पिढ्या मागचे असल्याने कायद्याच्या हिशेबात ‘जवळचे’ ठरत नसत. आयर्लंडमध्ये बेकारी १९८०च्या दशकाच्या मध्यास १७ टक्क्यांच्या घरात गेली, तेव्हा पर्यटक म्हणून शिरायचे आणि मुदत संपली तरी परतायचे नाही, हाच अनेकांपुढचा मार्ग होता. १९८६ साली डॉनेली व्हिसा आणि १९९०च्या कायद्याने मॉरिसन व्हिसा आले (दोन्ही खासदारांच्या नावांचे, अमेरिकेत जवळचे नातेवाईक नसले तरी मिळणारे), तेव्हा कोंडी थोडी फुटली. मॉरिसन योजनेत तीन वर्षे दरसाल ४०,००० व्हिसा होते आणि त्यांतले किमान ४० टक्के आयरिश लोकांसाठी राखून ठेवलेले होते.

कुटुंब मॅनहॅटनमधील एका मोडकळीस आलेल्या इमारतीत बिऱ्हाड करते. खोल्यांत कबुतरे, जिन्यात गर्दुल्ले. जॉनी (पॅडी कॉन्सिडाइन) नट आहे. ऑडिशन देत फिरतो, नाकारला जातो आणि टॅक्सी चालवतो. सेरा (समॅन्था मॉर्टन) समोरच्या आइसक्रीमच्या दुकानात काम धरते. थोरली क्रिस्टी कॅमकॉर्डर घेऊन सगळे टिपत असते, निवेदनही तिचेच. धाकटी एरियल प्रश्न विचारत सुटते. या भूमिका सेरा आणि एमा बोल्जर या सख्ख्या बहिणींनी केल्या आहेत. एकमेकींच्या अंगावर रेलण्यात, वाक्य तोडण्यात जो सहजपणा दिसतो तो त्यामुळे.

गरिबी दाखवताना शेरिडन भाषण करीत नाहीत, वस्तू हाताळायला लावतात. उन्हाळ्यात जॉनी जुना, अवजड एसी भर रहदारीतून ओढत आणतो आणि जिने चढवतो. प्लग बसत नाही. खटपट करून तो लावावा, तर दिवेच जातात. जुन्या वायरिंगला एवढा भार सोसत नाही, इतके साधे कारण. पण दिवसभराची मेहनत फुकट जाते. मग गारव्यासाठी सगळे ‘ई.टी.’ हा परग्रहवासीयाचा चित्रपट पाहायला चित्रपटगृहात शिरतात. त्यानंतर जत्रेतला प्रसंग येतो. ई.टी.ची बाहुली जिंकण्यासाठी जॉनी चेंडू टाकत राहतो आणि प्रत्येक चुकीनंतर पैज दुप्पट होते. एक डॉलरपासून सुरुवात धरली तर सहा डाव हरल्यावर ६३ डॉलर गेलेले असतात आणि सातव्यासाठी ६४ लागतात. भाड्याचे पैसे पणाला लागतात. तो बाहुलीसाठी खेळत नसतो. मुलींसमोर पुन्हा एकदा हरायचे नाही, म्हणून थांबत नाही. चित्रपटातला सर्वांत ताणलेला प्रसंग हाच आहे.

खालच्या मजल्यावर माटेओ हा चित्रकार राहतो (जायमन हॉन्सू). तो एड्सने खंगत चाललेला आहे आणि दारावर ‘दूर राहा’ असे रंगवलेले आहे. हॅलोवीनच्या रात्री मुली ते दार ठोठावतात आणि मैत्री जुळते. आपणही ई.टी.सारखे एलियन, म्हणजे परग्रहवासी, आहोत, असे तो एरियलला सांगतो. ‘एलियन’ हा शब्द अमेरिकी कायद्यात परदेशी माणसासाठीही वापरला जातो, त्यामुळे तो दोन्ही घरांना सारखाच लागू पडतो. सेराचे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते. इस्पितळाचे बिल माटेओने भरल्याचे नंतर कळते. हे वळण सोयीचे आहे, असा आक्षेप घेता येतो आणि तो चुकीचा नाही.

काळही काटेकोर नाही. ‘ई.टी.’ जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला, तर घरगुती कॅमकॉर्डर बाजारात आले १९८३ साली. क्रिस्टीच्या हातातला तर त्याहून पुढचा वाटतो.

छायाचित्रण डेक्लन क्विन यांचे. पहिला खेळ सप्टेंबर २००२ मध्ये टोरांटो महोत्सवात झाला. अमेरिकेत प्रदर्शन नोव्हेंबर २००३ मध्ये. मॉर्टन, हॉन्सू आणि पटकथा यांना ऑस्करची नामांकने मिळाली, पारितोषिक एकही नाही. इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मात्र हॉन्सू आणि क्विन या दोघांनाही मिळाले.

चित्रपट फ्रँकी शेरिडन यांना अर्पण केला आहे. हा जिम शेरिडन यांचा भाऊ. मेंदूतील गाठीने तो दहाव्या वर्षी वारला. पटकथेत फ्रँकी हे नाव मृत मुलाला दिले आहे, म्हणजे दिग्दर्शकाचा भाऊ इथे नायकाचा मुलगा झाला. हा बदल ध्यानात ठेवला तर क्रिस्टी कोण, हे उमगते. सारे लक्ष आईबापांच्या दुःखाकडे असताना ती एकदा वडिलांना सुनावते, की वर्षभर हे घर मी पाठीवर वाहिले आहे आणि तो माझाही भाऊ होता.