लिडो (स्टेकिंग फी आणि कमाई)

लिडो हा इथेरियम या ब्लॉकचेनवरचा लिक्विड स्टेकिंग प्रोटोकॉल आहे (स्टेकिंग म्हणजे नेटवर्क सांभाळायला इथर हे इथेरियमचं नाणं अडकवून रिवॉर्ड मिळवणं, लिक्विड म्हणजे इथर अडकलेले असूनही त्यांच्या बदल्यात वापरता येणारं टोकन मिळणं), डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला, म्हणजे इथेरियमची बीकन चेन (स्टेकिंग सांभाळणारी साखळी) चालू झाली त्याच महिन्यात. तेव्हा स्वतःचा व्हॅलिडेटर (व्यवहार तपासून ब्लॉक बनवणारा) चालवायचा तर ३२ इथर लागायचे, शिवाय मशीन चोवीस तास चालू ठेवायची कटकट, आणि अडकवलेले इथर काढता येतील ते थेट एप्रिल २०२३ च्या शापेला अपग्रेडनंतर. लिडोत कितीही थोडे इथर टाका, बदल्यात एसटीईटीएच टोकन मिळतं आणि ते विकता येतं, तारण ठेवता येतं.

आता कमाई. इथे बरेच जण गल्लत करतात, व्हॅलिडेटरना मिळालेलं सगळं रिवॉर्ड लिडोचीच कमाई म्हणून मोजतात आणि आकडा बघून हरखून जातात. तसं नाहीये. लिडो मुद्दलाला हात लावत नाही, फी फक्त रिवॉर्डवर, १० टक्के. समजा १०० इथर टाकले आणि वर्षाला ३ टक्के सुटले तर ३ इथर, त्यातले २.७ स्टेकरचे, उरलेले ०.३ मूळ रचनेत अर्धे-अर्धे, ०.१५ व्हॅलिडेटर चालवणाऱ्या नोड ऑपरेटरना आणि ०.१५ डीएओच्या (टोकनवाल्यांच्या मतदानाने चालणाऱ्या लिडोच्या संघटनेच्या) ट्रेझरीत. म्हणजे प्रोटोकॉलच्या गल्ल्यात खरं पडतं ते एवढंच, आणि त्यातूनच डेव्हलपर, ऑडिट वगैरे सगळा खर्च.

ही फी वेगळी भरावी लागत नाही. साधारण दिवसातून एकदा ओरॅकलचा (व्हॅलिडेटरचे आकडे लिडोला कळवणाऱ्या यंत्रणेचा) रिपोर्ट येतो, त्यावरून सगळ्यांचा एसटीईटीएच बॅलन्स बदलतो आणि त्याच वेळी फीच्या किमतीएवढे नवे शेअर (एसटीईटीएचमधले हिस्से) तयार होऊन ऑपरेटर आणि ट्रेझरीकडे जातात. स्लॅशिंगमुळे (नियम मोडल्याबद्दल व्हॅलिडेटरचे इथर कापले गेल्यामुळे) वगैरे एखाद्या दिवशी तोटाच झाला तर त्या रिपोर्टला फी शून्य.

सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर (इथेरियम पूर्णपणे स्टेकिंगवर गेलं त्यानंतर) ट्रान्झॅक्शनच्या टिपा आणि एमईव्हीचे (ब्लॉकमधला व्यवहारांचा क्रम ठरवून मिळणारे) पैसेही रिवॉर्डमध्ये धरले जायला लागले, त्यामुळे नेटवर्कवर गर्दी वाढली की लिडोचीही कमाई वाढते. पण दुसऱ्या बाजूने, एकूण स्टेकिंग जितकं वाढेल तितका प्रत्येकाचा रिवॉर्ड रेट उतरतो, आणि फी इथरमध्येच येत असल्यामुळे भाव पडला की डॉलरमधली कमाई आपोआप आपटते, स्टेकर एकही कमी झालेला नसला तरी.

एलडीओ या लिडोच्या मतदानाच्या टोकनचे मालक या फीवर आणि ट्रेझरीच्या खर्चावर मतदान करू शकतात, पण टोकन नुसतं जवळ ठेवलं म्हणून फीचा हिस्सा आपोआप खात्यात येत नाही. कंपनीच्या शेअरसारखा डिव्हिडंड मिळेल असं समजून टोकन विकत घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं.